आत्याची पोळी आणि पप्पांची संकष्टी

पोळीत भरता येणार नाही अशी एकही वस्तू जगात नाही, अशी माझ्या आत्याची पक्की समजूत आहे. मी वाढवून सांगतेय असं वाटेल, आणि थोडं वाढवतही असेन, पण उल्हासनगरच्या तिच्या खोलीत मी आजवर पोह्यांची पोळी खाल्ली आहे, आदल्या रात्रीच्या खिचडीची खाल्ली आहे, दिवाळीनंतर उरलेल्या चकल्यांच्या चुऱ्याची खाल्ली आहे. कुणाच्या लग्नातला बुंदीचा लाडू तिच्या घरी लाडू म्हणून दोन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. शेजारच्या सिंधी दादींनी एकदा वाटीभर साईभाजी पाठवली, पालक आणि डाळीची. ती पानात यायच्या आधीच कणकेत गेली आणि दुसऱ्या दिवशी पोळी होऊन त्याच दादींकडे परत गेली. दादी अर्धी पोळी हातात घेऊनच दारात आल्या. "अरी, बहुत अच्छी बनी है, इसमें डाला क्या है?" आत्या म्हणाली, "तुम्हाराच है, दादी."

आत काय भरलंय ते दोन घास खाल्ल्याशिवाय ती कुणालाच सांगत नाही. मी लहानपणी हट्ट करायचे, तर म्हणायची, "आधी खा. नाव ऐकून पोट भरतं का?" आत्याकडे जीन्सच्या कारखान्यातून पँटींचे गठ्ठे येतात, शिलाईचे लोंबणारे धागे कापायला. त्यामुळे तिच्या स्वयंपाकाचं घड्याळसुद्धा पँटींचं आहे. कणीक भिजवली की सात पँटींनी ती मुरते, बटाटे पंधरा पँटींत उकडतात. कात्री खाली ठेवून ती उठते, कणकेची पारी करून त्यात मुठीएवढं सारण भरते, तोंड बंद करते आणि हलक्या हाताने लाटायला लागते. सारण कणकेपेक्षा जास्त असतं, तरी पोळी फुटत नाही. ती कशी फुटत नाही हे विचारलं, तर म्हणते, "तिला घाई नाही दाखवायची." माझ्या आईला हे वाक्य पाठ आहे आणि तिच्या पोळ्या तरीही फुटतात.

पण आत्याची खरी गंमत वेगळीच आहे. ती कुणाकडे काही मागत नाही. तिला कुणाकडून काही हवं असलं, की ती त्याला जेवायला बसवते. कामाला दोन दिवस जास्त हवे असले की कारखान्याच्या सेठला पोळी. गच्चीवरची गळकी टाकी दुरुस्त करून घ्यायची असली की बिल्डिंगच्या सेक्रेटरीला पोळी. दुसरा घास तोंडात गेला की ती हळूच आपला विषय काढते. तोंड भरलेलं असताना माणूस बोलत नाही, नुसती मान हलवतो, आणि मान कुठल्या दिशेने हलली हे आत्या ठरवते. सेठ एकदा चक्क आडवी मान हलवत होते. आत्या म्हणाली, "हां, मतलब परसों." सेठ घास गिळेपर्यंत आत्या गठ्ठा उचलून आत गेली होती.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझं कॉलेज. माझं दुसरं वर्ष संपलं तेव्हा अंबरनाथला आनंदनगरच्या एका कंपनीत पॅकिंगमध्ये जागा निघाली. सुपरवायझर पप्पांच्या ओळखीचा होता. सोमवारपासून पाठवतो, असं पप्पांनी त्याला सांगूनही टाकलं. पप्पा वाईट नाहीत. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि तिसरं वर्ष करून पुढे नक्की काय होतं हे त्यांना सांगायला कुणी नव्हतं. मलाही नीट सांगता आलं नाही. मी फक्त आत्याला फोन केला, आणि आत्याने रविवारी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं.

पप्पा तिचे धाकटे भाऊ, तिच्या हाताखाली वाढलेले. बोलावणं कशासाठी आहे हे त्यांना न कळण्यासारखं नव्हतं. चप्पल काढता काढताच ते म्हणाले, "ताई, माझ्यासाठी काही करू नकोस. आज संकष्टी आहे माझी."

"तुझी?"

"माझी."

"कधीपासून?"

"आजपासून."

महाशिवरात्रीलासुद्धा वडापाव खाणारे माझे पप्पा. आत्याने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. संकष्टी खरंच होती, पप्पा बघून निघाले होते. "बरं केलंस," आत्या म्हणाली. "बाप्पा बुद्धी देतो." मग माझ्या हातात पिशवी दिली. "राजगिऱ्याचं पीठ आण, आणि चार रताळी."

"उपासाला भरलेली पोळी कुठं असते?" पप्पांनी विचारलं.

"आज असेल."

रताळी उकडली, मिरची आणि दाण्याचं कूट घालून सारण झालं. पण राजगिरा म्हणजे गहू नव्हे, त्याला चिकटपणाच नसतो. आत्याने ते पीठ कणकेसारखंच गार पाण्यात भिजवलं आणि कणकेसारखंच लाटायला घेतलं. पहिली पोळी पोळपाटावरच फाटली. दुसरी उचलताना हातात तुटली. तिसरी तव्यापर्यंत पोचली आणि उलटताना तिचे पाच तुकडे झाले, सारण तुपात पसरलं. आत्याची पोळी फुटलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. हसावं की काय करावं ते मला कळेना. पप्पाही हसले नाहीत. "राहू दे ना ताई," ते म्हणाले.

आत्याने गॅस बंद केला, हात न धुताच पप्पांच्या समोर येऊन बसली. "सुरेश, पोरीला एक वर्ष शिकू दे."

इतकं सरळ मागताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. आवाजही नेहमीचा नव्हता.

"दोन वर्षं शिकली ना," पप्पा म्हणाले. "जागा काय रोज निघते?"

"नाही निघाली तर मी माझ्या सेठशी बोलेन."

"तो सेठ तुला घाबरतो, ताई."

"म्हणूनच बोलेन."

 पप्पांनीच उठून तव्यावरचे तुकडे ताटलीत काढले आणि सगळे खाल्ले, करपलेलेसुद्धा. आत्या त्यांच्याकडे बघत नव्हती, बोटांना चिकटलेलं पीठ सोलत होती. शेवटचा घास गिळून, पाणी पिऊन पप्पा म्हणाले, "उद्या सांगतो सुपरवायझरला. ती येत नाही म्हणून." आणि थोड्या वेळाने, "मीठ कमी आहे."

"उपास आहे तुझा," आत्या म्हणाली. "गप बस."

परत जाताना बदलापूरच्या बसमध्ये आम्हाला खिडकीची सीट मिळाली. अंबरनाथ आलं. पप्पा बाहेर बघतच म्हणाले, "ताई गणितात लय हुशार होती."

"मग?"

"मग काय. आई-बाबा शेतावर जायचे, मी रांगत होतो. कुणीतरी घरी राहायला हवं होतं."

आत्याने हे मला कधीच सांगितलेलं नाही, आणि मीही तिला विचारलेलं नाही. आता माझं तिसरं वर्ष संपत आलंय. शनिवारी मी तिच्याकडे गेले की ती कात्री बाजूला ठेवते आणि माझ्या बॅगेतून एखादी वही काढते. इंग्रजी तिला वाचता येत नाही, तरी एकेक पान उलटत जाते. "हे सगळं तू लिहिलंस?" असं विचारते. मी हो म्हणते. मग ती बोटं पदराला स्वच्छ पुसते आणि वही पुन्हा पहिल्या पानापासून बघायला लागते.