पाच फुटांच्या आत

थेरगावात सगळ्यात चांगला फुटबॉल खेळणारा कोण, असं रंगराव हवालदारांना विचारलं की ते क्षणभरही न थांबता स्वतःचं नाव सांगत. दुसरा कोण, असं विचारलं तर मात्र मिशीवरून हात फिरवत बराच वेळ बसून राहत. याला गर्व म्हणता येणार नाही, कारण १९५५ सालापर्यंत गावात फुटबॉलला पाय लावलेला दुसरा माणूसच नव्हता.

पलटणीतून ते परत आले ते गुडघ्यावर एक व्रण आणि डोक्यात या खेळाचं वेड घेऊन. खडकीच्या एका कारखान्यात त्यांना फिटरची नोकरी लागली. रोज सकाळी सायकलवर चिंचवड, पिंपरी, दापोडी करत ते कामावर जात आणि रविवारी त्याच रस्त्यानं खेळायला. कारखान्याचे दोन संघ होते. त्यातल्या दुसऱ्या संघात रंगराव उजव्या बाजूचे हाफ, म्हणजे मधल्या फळीतले. वय छत्तीस, पण त्या जागेवर दुसरं कोणी उभं राहील हा विचार त्यांच्या मनाला शिवत नसे, आणि दुसऱ्या कोणाच्या मनाला शिवला असेल तर त्यानं तो बोलून दाखवला नव्हता.

दर वर्षी माघात कारखाना आसपासच्या पोरांची स्पर्धा भरवी. आता पोरांची स्पर्धा म्हटली की वयाचा प्रश्न आला, आणि जन्माचा दाखला त्या काळी होता कोणाकडे? पोरगं कधी झालं असं विचारलं तर आई सांगणार, मोठा पूर आला त्याच्या आदल्या साली. म्हणून वय सोडून उंची धरली होती. दोन बांबू रोवायचे, पाच फुटांवर आडवी पट्टी बांधायची, पट्टीला घुंगरू. पोरगं खालून सरळ गेलं तर खेळायला मोकळं, घुंगरू वाजलं की घरी. स्पर्धेतून दोन पोरं निवडत. त्यांना खडकीत सराव मिळे आणि पंधरा पूर्ण झाली की कारखान्यात उमेदवारी, म्हणजे काम शिकता शिकता पगार. त्या दोन जागांवर सगळ्या गावांचा डोळा असे.

"औंदा थेरगावची अकरा पोरं नेतो," असं रंगरावांनी पावसाळा सरता सरता जाहीर केलं. एका संध्याकाळी गायरानात चाळीसएक पोरं गोळा झाली. हवालदारांनी चेंडू पिशवीतून बाहेरच काढला नाही. पोरांना म्हणाले, "गुरं पांगल्यात. जावा, वळवून आना." आणि स्वतः बाभळीखाली बसून बघत राहिले.

तीस पोरं वासरांच्या शेपटीमागे धावली. काही थोडी वासरू जिथं जाणार तिकडं आधीच वळली. आणि एक पोरगा धावलाच नाही. कुंपणाच्या खिंडारात जाऊन उभा राहिला, आणि गुरं निमूटपणे त्याच्याकडे आली. तो शालनबाईंचा भैरू. रंगरावांनी आयुष्यात बरीच माणसं चेंडूमागे ऊर फुटेस्तोवर धावताना बघितली होती. योग्य जागी उभं राहणारी फार थोडी. त्यांना त्या क्षणी त्या पोराला उचलून घ्यावंसं वाटलं. हवालदार असल्यामुळे त्यांनी ते केलं नाही.

आधी वळलेली ती दहा आणि भैरू, असे अकरा ठरले. गाव हसलं. हवालदारांनी गुराखी निवडले म्हणालं. हसेनात का.

मग तालीम सुरू झाली. शिफ्ट सुटली की रंगराव सायकल थेट गायरानात आणत. पहिला महिना उजव्या पायात सैल वहाण आणि डावा अनवाणी; उजव्यानं मारलं की वहाणच उडणार, म्हणजे झक मारत डाव्या पायानं चेंडू मारायला शिकलं पाहिजे. त्याहून जाच दुसऱ्या गोष्टीचा. पोरगं चेंडू घेऊन धावत असताना हवालदार लांब उभे राहून बोटं वर करायचे आणि ओरडायचे, "किती?" पोरानं बघून सांगायचं, तीन, दोन, चार. ज्याची नजर पायाकडे गेली त्याची पाळी गेली. "मान खाली घातलीस तर नुसता चेंडू दिसंल," ते म्हणायचे, "मान वर ठेव, आख्खं मैदान दिसंल." तीन महिन्यांत पोरांच्या माना अशा काही ताठ झाल्या की शाळेतल्या गुरुजींना वाटलं, पोरं उर्मट झाली. भैरू तर विहिरीवर पाणी शेंदतानासुद्धा सरळ उभा राही.

शालनबाईंना हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. आळंदीकडे भावाची वीटभट्टी होती, शिमगा झाला की भैरूला तिकडं धाडायचं त्यांनी नक्की केलं होतं.

"लाथा झाडून भाकर मिळती व्हय, भावजी?" त्यांनी रंगरावांना अंगणातच विचारलं.

"मिळती, वैनी. शिमग्यापतूर थांबा. पोरगं खडकीत न्हाई चिकटलं तर मला हवालदार म्हनू नका."

"म्या कवा म्हनलं?" शालनबाई म्हणाल्या. पण थांबल्या.

दिवाळीत रंगरावांनी दाराच्या चौकटीवर खूण करून सगळ्यांची उंची मोजली होती. भैरू पाच फुटांना दोन बोटं कमी. दोन बोटं म्हणजे पुष्कळ, असं म्हणून त्यांनी पुन्हा मोजलं नाही. वाढीच्या वयाचं पोरगं तीन महिने मान ताणून धावल्यावर काय होतं, हे यंत्राचा सुतभर फरक ओळखणाऱ्या फिटरच्या ध्यानात येऊ नये, याला काय म्हणावं?

माघातल्या त्या सकाळी खडकीच्या मैदानावर आठ गावांची पोरं रांगेत उभी होती. पट्टीपाशी दौलतराव. हे कारखान्यातले फोरमन, स्पर्धाही त्यांच्याच हाती आणि दोन्ही संघही. बाकीच्या गावांची पोरं खांदे पाडून, गुडघ्यात वाकून अशी खालून जात होती, जणू सगळ्यांना एकदमच पोटशूळ उठला होता. दौलतराव सगळं बघत होते आणि पुढच्याला बोलावत होते. हे दर वर्षीचंच होतं.

रंगराव मात्र सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमची पोरं वाकून जात न्हाईत!"

आणि खरोखरच थेरगावची दहा पोरं छाती काढून पट्टीखालून गेली. रंगराव मिशीत हसत होते. अकरावा भैरू. घुंगरू वाजलं.

अर्ध्या बोटाचा फरक असेल नसेल. दौलतराव मऊपणानं म्हणाले, "पोरा, असा काय खांबासारखा उभा राहतोस? सैल हो जरा. परत ये."

भैरूनं हवालदारांकडे बघितलं. आत्ताच सगळ्यांसमोर मारलेली बढाई एका बाजूला, वीटभट्टी दुसऱ्या. त्यांना फार वेळ लागला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

"भैरू," ते म्हणाले, "वाक."

पोरानं मनापासून प्रयत्न केला. खांदे पाडले, गुडघे मोडले. पण पट्टीजवळ आला आणि पलीकडचं मैदान बघायला मान आपोआप वर गेली. घुंगरू पुन्हा वाजलं. आता लोक हसले.

भैरूच्या डोळ्यांत पाणी आलं. "मान खाली घातली की मला कायच दिसंना, हवालदार."

रंगरावांना वाटलं, कुणीतरी आपल्या थोबाडीत द्यावी. पोराची काही चूक नव्हती. जे शिकवलं ते तो तंतोतंत शिकला होता.

दहाच पोरांनिशी खेळलेलं थेरगाव दुसऱ्या सामन्यात एका गोलनं हरलं. तरी निवडलेल्या दोन पोरांत ज्योतीराम हा थेरगावचाच निघाला, आणि हसणाऱ्या गावाचं तोंड तेवढ्यानं बंद झालं. पण रंगरावांचं तिकडं लक्ष नव्हतं. बक्षिसं वाटून झाल्यावर त्यांनी दौलतरावांना गाठलं.

"भैरूला मोठ्यांत घ्या. आपल्या दुसऱ्या संघात."

"मोठ्यांत? अहो, चौदाचं पोर ते."

"पंधरा मिनिटं बघा. न्हाई पटलं तर परत नेतो. पटला तर पुढल्या साली उमेदवारीत घ्या. बाकी मागनं न्हाई."

या माणसाच्या नजरेबद्दल दौलतरावांना आदर होता. "संघात अकरा जण आहेत, रंगराव. काढू कोणाला?"

रंगरावांनी तोंड उघडलं. संघातल्या उद्धवरावांचं नाव ओठावर आलं होतं, त्यांना दम लागायचा. पण चार महिने पोरं पारखून पारखून त्यांचा डोळा असा तयार झाला होता की तो आता कोणाचीच भीड धरत नव्हता. त्यांनी गेले सहा-सात सामने मनाशी आठवले. उद्धवरावांना दम लागायचा खरा, पण ते वेळेवर पोचायचे. वेळेवर न पोचणारा दुसराच होता.

"उजव्या हाफला काढा," ते म्हणाले. "वरीसभर मागं पडतोय."

"तो हाफ तुम्ही आहात, रंगराव."

"म्हनून तर मला ठाऊक."

दौलतरावांनी नुसती मान हलवली, आणि त्यातूनच रंगरावांना कळलं की हे त्यांनाही कधीचं माहीत होतं. ते मात्र फार लागलं.

पुढच्या रविवारी भैरू मोठ्या माणसांच्या मधोमध, रंगरावांच्या जागेवर उभा राहिला. पहिले दोन चेंडू त्यानं घालवले. तिसरा त्याच्याकडे चालून आला, कारण तो जिथं येणार होता तिथं भैरू आधीच उभा होता. त्यानं मान वर करूनच तो डावीकडे लांब दिला आणि तिथून गोल झाला. बाहेर सगळ्यांचे सदरे हातावर घेऊन उभे असलेले रंगराव मोठ्यानं ओरडले. आनंद झाला होता, खूप झाला होता. ती जागा आता आपली नाही, हेही त्यांना दिसत होतं. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, दौलतरावांनी भैरूला बाहेर बोलावलं नाही. खेळ संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "उमेदवारीत नाव घालतो त्याचं."

दुपारी रंगराव सायकलवर भैरूला पुढं बसवून थेरगावात आले. शालनबाई दारात ज्वारी पाखडत होत्या.

"चिकटला, वैनी. भट्टीवर कळवा, पोरगं येत न्हाई म्हनून."

शालनबाईंचं सूप थांबलं. पदरानं डोळे पुसून त्यांनी पोराला जवळ घेतलं. मग रंगरावांच्या कोरड्या, घाम न आलेल्या सदऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं.

"आन् तुमी आज खेळला न्हाई व्हय, भावजी?"

"माझं खेळून झालं, वैनी," रंगराव म्हणाले, आणि हे आपल्याला इतकं सरळ बोलता आलं याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.