न जाळलेली पऱ्हाटी

पऱ्हाटीवाले काकाजी त्यांच्या शेतात कुणाला काडीपेटी नेऊ देत नसत. कापूस वेचून झाला की आष्टीकडे आमच्या गावात सगळे उरलेली वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाटी, उपटून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर पेटवतात. काकाजी कुऱ्हाडीनं तिचे तुकडे करत आणि मातीवर अंथरत.

"अळ्यायले गादी टाकून राह्यले का, काकाजी?" शेजारच्या शेतातला बंडूभाऊ ओरडायचा.

"ये झोपाले. तुह्यासाठीच टाकली."

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. वर्ध्याला शिकताना मला एका कार्बन कंपनीचं सर्वेक्षणाचं काम मिळालं. परदेशातले कारखाने धूर सोडतात, त्याच्या बदल्यात इथला न निघालेला धूर विकत घेतात, असा तो व्यवहार. पऱ्हाटी जाळणं सोडेल त्याला पैसे.

"अन् ज्यानं कधी जाळलीच नाई त्याले?" काकाजींनी विचारलं.

"त्याला नाही. बदल दिसला पाहिजे." प्रशिक्षणात मला एवढंच शिकवलं होतं.

ते खूप हसले. "मंग बराबर हाये. मी बदललोच नाई."

"तरी फॉर्म भरून ठेवू?"

"भर, पोरी. तुह्यं काम होत असंन तं भर."

आधी जाळत होता का, या प्रश्नाला मी 'हो' दाबलं. त्यांचं भलं व्हावं असं वाटलं होतं. आणि खरं सांगायचं तर माझाही एक फॉर्म वाढत होता. ओटीपीचा एकेक आकडा त्यांनी मोठ्यानं वाचून दिला. काय लिहिलं, हे विचारलंसुद्धा नाही.

महिनाभरानं ग्रामपंचायतीत सभा झाली. जाळणं सोडलेल्या शेतकऱ्यांची नावं कंपनीच्या साहेबांनी वाचली. त्यात काकाजींचं नाव आलं.

"लपून जाळत होते का, काकाजी?" बंडूभाऊ ओरडला. सभा हसली.

काकाजी उभे राहिले. "साहेब, माह्यं नाव खोडा. मी कधीच जाळली नाई."

"फॉर्ममध्ये तुम्हीच सांगितलंय. ओटीपीही दिलाय."

काकाजींनी साहेबांशेजारी बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे पाहत राहिले.

"असंन," ते हळू म्हणाले. "म्हाताऱ्याले कुठं आठोते."

नंतरही भेटले की ते अभ्यासाचं विचारत. त्या सभेबद्दल कधी बोलले नाहीत, म्हणून मीही बोलले नाही.

मागच्या उन्हाळ्यात काकाजी गेले. तेरवीच्या पंगतीत बंडूभाऊ शेजाऱ्याला सांगत होता, "जाळू नका म्हणून बुढ्यानं आपल्याले बरं शिकवलं. अन् सोता जाळत होता."

मी वरण वाढत होते. त्याच्या पानावर वाढलं आणि पुढच्या पानाकडे वळले.