माझं कार्ड, त्याच्या हातात

सातपूरच्या ज्या छोट्या कारखान्यात मी नोकरीला होते, तिथे युद्धनौकांवरच्या कॉम्प्युटरची सर्किट कार्डं बनत. हे सांगितलं की नातेवाईक म्हणायचे, "नाशकात कुठला आलाय समुद्र? देवळाली कॅम्पला तोफांचं काम करत असशील." मी समजावणं सोडून दिलं होतं.

नव्वदच्या दशकात लागले तेव्हा माझं पहिलं काम काय, तर तयार कार्डावरच्या चिपांचे छापील नंबर पॉलिश पेपरने घासून टाकणं. कोणी नक्कल करू नये म्हणून! मालक निफाडकडच्या शेतकरी घरातले, जीव लावणारे; पण गुपिताच्या बाबतीत पक्के. मागच्याच गल्लीत तशीच कार्डं बनवणारी दुसरी कंपनी होती. तिथला इंजिनियर इंदिरानगरहून रोज माझ्याच बसने यायचा. त्याच्या आईच्या गुडघेदुखीची मला खडान्‌खडा माहिती होती. कामाविषयी मात्र दोघांचीही तोंडं शिवलेली.

दोन हजार सालानंतर नौदलाने रीतच बदलली. तोवर जहाजावरच्या कॉम्प्युटरची अख्खी पेटी एकाच कंपनीची असे, आणि आतलं काही जुनं झालं की सगळीच पेटी बदलावी लागे. आता पेटीची मापं, जोडण्या सगळ्यांना खुल्या. ज्याचं जे कार्ड चांगलं, ते त्याच्याकडून घ्यायचं. याला ओपन आर्किटेक्चर म्हणत. अट मात्र जीवघेणी होती. तुमचं कार्ड मुद्दाम बिघडवून दुसऱ्या कंपनीच्या माणसाला देणार, आणि नुसत्या तुमच्या कागदांवरून त्याला ते दुरुस्त करता आलं, तरच तुम्ही पास.

रडारला दिसलेलं पडद्यावर आणणारं आमचं कार्ड पहिल्यांदाच मी एकटीने डिझाइन केलं होतं. ते जहाजावर जावं, एवढाच ध्यास मला लागला होता. कागद लिहायला बसले, तर मालक खुर्चीमागे हजर.

"अगं, समदंच लिहून दिलं तर आपल्याकडं काय राहीन?"

"ऑर्डर राहील!" मी वैतागून म्हटलं. ते हसले आणि चहा सांगून आले.

चाचणीच्या हॉलमध्ये माझं कार्ड नेमकं कोणाच्या वाट्याला यावं? बसमधल्या शेजाऱ्याच्या! त्याच्याशी बोलायला बंदी, खुणा करायलाही. ज्याच्यावर मात करायची म्हणून इतकी राबले, तो आज हुशार निघू दे म्हणून मी देवाला साकडं घालत भिंतीलगत बसले.

त्याने झाकण काढलं. एकाही चिपेवर नंबर नव्हता. मी शेजारी बसलेल्या मालकांकडे पाहिलं.

"सवय गं," ते खाली बघत पुटपुटले.

त्याने कोऱ्या चिपांवरून बोट फिरवलं, भुवया उंचावल्या आणि माझे कागद पुढे ओढले. कुठल्या जागी कुठली चीप, ती काय करते, ती गेली तर पडद्यावर काय दिसेनासं होतं, सगळं मी लिहिलं होतं. वाचता वाचता तो स्वतःशीच मान डोलवू लागला. मग त्याने एक चीप काढली, नवी बसवली, बटण दाबलं. पडद्यावर हिरवी रेघ गोल फिरू लागली! मी उठून टाळ्याच पिटल्या.

नौदलाच्या अधिकाऱ्याने त्याला विचारलं, "जहाजावरच्या नवख्या माणसाला जमेल हे?"

"जमेल सर. वाचताना असं वाटतं, की लिहिणारी शेजारी बसून सांगतेय."

इतका आनंद मला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता. डोळे पुसतेय तोवर त्यांच्या कंपनीचं बिघडवलेलं कार्ड माझ्यापुढे येऊन पडलं. आता दुरुस्तीची पाळी माझी होती. तो भिंतीलगत जाऊन बसला, चेहरा पार उतरलेला. मालक माझ्या कानाशी वाकले.

"नीट कर गं पोरी," ते म्हणाले. "त्याचंबी जहाजावर गेलं पायजे."