दाराआड ऐकलेलं रंगून

तात्या ज्याच्याशी बोलायचे, त्याच्याकडे कधी पाहायचे नाहीत. विट्याला मी शाळामास्तर म्हणून रुजू झालो आणि त्यांच्या घरातली रस्त्याकडची खोली भाड्यानं घेतली, तेव्हा पहिले चार दिवस मला वाटलं, गृहस्थ शिष्ट आहेत. सोप्यावर बसून गप्पा माझ्याशी मारायच्या आणि नजर आतल्या दाराकडे. पाचव्या दिवशी दाराआड बांगड्या वाजल्या, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

आत त्यांची भावजय असायची, धाकट्या बापूची बायको. थोरल्या दिरासमोर यायचं नाही, बोलायचं नाही, ही रीत. तात्या विधुर. दोघा भावांचं रंगूनला सोनं गाळायचं दुकान होतं. जपान्यांचे बॉम्ब पडले आणि तात्या एकटेच परतले. आता नवऱ्याची खबर हवी, तर तात्यांनी ती मला सांगायची आणि तिनं दाराआडून ऐकायची. मी आपला मधला खांब.

तात्या रंगून सांगायला लागले की थांबत नसत. "त्ये गाव कुनाचंच न्हवं, मास्तर. हमाल तेलंगी, सावकार मद्राशी, दुकानदार गुजराती, सायेब इंग्रज. बर्मी मानूस हुडकत हिंडावं लागायचं! सगळी आगबोटीतनं उतरल्याली." तिथल्या मोठ्या देवळाचा सोन्याचा कळस पहिल्यांदा पाहिला तेव्हा हात जोडायच्या आधी, हे किती कसाचं असेल, हाच विचार मनात आला म्हणे. हे सांगताना स्वतःच लाजायचे.

बॉम्बपर्यंत मात्र गोष्ट कधी यायची नाही. "दुकान चालू आसंल. बापू लय चिवट," म्हणून उठायचे. ते शहर त्यांनी बोलून बोलून जिवंत ठेवलं होतं.

लढाई संपली आणि मी नको ते विचारलं. "तात्या, आता तरी बापूचं पत्र का येत नाही?"

पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण आवाज खाली आणला नाही.

"बोटीवर चढताना याद आली, दुकानातली माती ऱ्हायली." सोनं गाळणारे जमिनीवरची धूळसुद्धा टाकत नाहीत, झाडून, धुऊन तिच्यातले कण काढतात. माती मागे ठेवून दुकान सोडणं त्यांना जमतच नाही. "बापूला म्हनलं, पळत जा, झाडून आन. मी जागा धराय वर चढलो. भोंगा झाला, शिडी उचलली. आन त्यो येताना दिसला, डोक्यावर पोतं घिऊन."

दार उघडलं. डोक्यावर पदर घेऊन ती बाहेर आली आणि थेट दिरासमोर उभी राहिली.

"तुमी हाक मारलीसा का त्यास्नी?"

"न्हाई," तात्या म्हणाले. "तोंडच उघडलं न्हाई."

ती आत गेली. मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. पुढच्याच आठवड्यात तात्यांनी वळकटी बांधली आणि कलकत्त्याची गाडी धरायला निघाले. तिथून रंगूनची बोट.

चार महिन्यांनी पत्र आलं. "मास्तर, मोट्यानं वाचा. गल्ली हाय, दुकानाच्या जागी निस्ती भित्ताडं. आपली मानसं निम्मी गेली. त्यांच्या घरात आता बर्मी ऱ्हात्यात. आता कुटं त्या गावाला मालक मिळाला म्हनायचा. रोज तिसऱ्या पारी धक्क्यावर उभा ऱ्हातो आन बापूच्या नावानं हाक मारतो. हमाल हसत्यात. हसू द्यात."

ती उंबऱ्याच्या अलीकडे येऊन ऐकत होती. आता आड राहायचं तरी कुणाच्या?

"लिवा, मास्तर," ती म्हणाली. "म्हनावं, लय मारल्या हाका. आता तुमी तरी माघारी या."

मी लिहिलं. मग आणखी दोनदा लिहिलं. रंगूनच्या शिक्क्याचं पत्र त्या घरी पुन्हा आलं नाही.