केतकीची सतरा मिनिटं

माझ्या मुलीचं संगीत मी एकदा दुरुस्त केलं. तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यात माझ्या गॅस सिलिंडरची चौकशी होत असते.

केतकी ही माझी एकुलती एक मुलगी. नोकरीतून वेळ मिळाला की गारखेड्यातल्या आमच्या घरात मागच्या खोलीत एकटीच बसून लॅपटॉपवर संगीत करते. त्यात गाणं नसतं, तबला नसतो, चालही नसते. एक सूर येतो, रेंगाळतो, आणि आता काहीतरी होईल म्हणून आपण सरसावून बसलो की निघून जातो. (याला अँबियंट म्हणतात. आमच्या वेळी असा आवाज आला की इलेक्ट्रिशियनला बोलवत.) मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं मेंटेनन्सला होतो. आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखायचं, हेच माझं काम. त्यामुळं आवाजातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज होता.

माझी बायको सुमन गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. केतकीनं त्या वर्षात चार तुकड्यांचा, सगळा मिळून सतरा मिनिटांचा एक अल्बम केला. नाव ठेवलं 'दुपार'. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं तो माझ्या मोबाइलवर पाठवला.

"बाबा, अजून कुणालाच ऐकवला नाही. हेडफोन लावून, निवांत बसून ऐका."

मी मेथी निवडत होतो. हेडफोन शोधायला कोण उठणार? मोबाइल पातेल्याला टेकवला आणि लावलं. आतून नुसती घरघर. मग जरा बारीक घरघर. मग ती थांबली, मला हायसं वाटलं, तोच पुन्हा सुरू.

"कसं वाटलं?" तिनं निघताना दारातून विचारलं.

"चांगलंय. फक्त याचं बेअरिंग गेलंय."

ती चपला घालून ऑफिसला गेली. मला वाटलं, चूक पोरीलाही कळलीय, पण सुधारता येत नाहीय. मग बाप कशासाठी असतो? माझ्या मोबाइलमध्ये रेकॉर्डिंगमधला नको तो आवाज काढून टाकणारं एक ॲप होतं. त्यात ती सतरा मिनिटं घातली. पहिली दोन मिनिटं ऐकून बघितली. एकदम शांत, पुसलेल्या फरशीसारखं. मी ते घरच्यांच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, 'चि. केतकीने आईच्या आठवणीत केलेले संगीत. आवाज मी स्वच्छ केला आहे. सर्वांनी डोळे मिटून ऐकावे.'

तासाभरानं वैजापूरहून माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा फोन आला.

"ऐकलं रे. डोळे मिटूनच ऐकलं. मग, मिळालं का?"

"काय मिळालं?"

"सिलिंडर. लई वरडतूस बाबा त्या माणसावर. आन् सुमनच्या वर्षश्राद्धाला हे कशापायी टाकलंस?"

मी फोन ठेवला आणि ते संगीत पुढं लावून बघितलं. ते ॲप माणसाचं बोलणं राखून बाकी सगळं काढून टाकणारं निघालं. तिसऱ्या मिनिटाला मी होतो: "अहो, नंबर लावून नऊ दिवस झाले." मग लांबलचक शांतता. मग पुन्हा मी: "तुमच्या साहेबाला फोन द्या." शेवटच्या तुकड्यात मी फक्त दोनदा "हॅलो" म्हणत होतो आणि तिथं अल्बम संपत होता. ग्रुपवर पुण्याच्या भाच्यानं जोडलेले हात टाकले होते. साडूभाऊंनी त्यांच्या ओळखीच्या एजन्सीवाल्याचा नंबर दिला होता. घाईघाईत मी ते पुसायला गेलो, तर फक्त माझ्याच मोबाइलवरून पुसलं गेलं.

संध्याकाळी केतकी आली. खांद्यावरची पर्सही न काढता समोर बसली.

"बाबा, ती घरघर कशाची होती, खरंच ओळखलं नाही तुम्ही?"

"मोटरची."

"कुठल्या?"

तिनं विचारलं आणि मला कळलं. सुमनच्या पिको-फॉलच्या मशीनची. आजारपणातही दुपारी बरं वाटलं की ती शेजारणींच्या साड्या घेऊन बसायची. केतकीनं बाजूला मोबाइल ठेवून ते टिपून घेतलं होतं. तोच आवाज कुठं तसाच ठेवून, कुठं ताणून, संथ करून तिनं सतरा मिनिटं केली होती. ते मशीन मी तेराव्यानंतर चार दिवसांत एका नातेवाइकाला देऊन टाकलं. बघवत नव्हतं. केतकीला विचारलं नाही, आणि तिनंही कधी बोलून दाखवलं नाही. आता ते मशीन फक्त तिच्या संगीतात चालू होतं, आणि तिथूनही मीच ते काढून टाकलं होतं.

"मूळचं आहे ना तुझ्याकडं?" मी विचारलं.

"आहे."

तिनं आतून हेडफोन आणले आणि माझ्या कानांवर चढवले. या वेळी मी हलायचं नाही असं ठरवून बसलो. मोटर चालली. थांबली. दोरा तुटला असणार, कारण सुई ओवताना सुमन चष्मा शोधत जे पुटपुटायची, ते अगदी बारीक आलं. मग काकणं वाजली आणि मोटर पुन्हा लागली. मला रडू आवरेना. केतकीनं पर्समध्ये उगाच काहीतरी शोधायला घेतलं.

मोटरच्या मागं, लांबून, सिलिंडरवरून भांडणारा मीही होतोच. मी हेडफोन काढले.

"एवढं सुंदर केलंस, मग त्यात माझं हे कशाला ठेवलंस? काढता आलं असतं की."

"काढून बघितलं होतं," केतकी म्हणाली. "पण तुम्ही फोनवर बोलायला लागलात की आई मशीन जोरात चालवायची. तिथंच सूर चढतो. तुम्हाला काढलं, तर तो का चढला ते कळत नाही."

संसाराची चौतीस वर्षं मला वाटत होतं, मी बोलायला लागलो की सुमनला कामाचा हुरूप येतो.