तो सेल्फ गोल तिचा नव्हता

"या पावणीबाई, कुठं निघाला एवढ्या गडबडीनं? बसा की जरा!"

समोरच्या संघाची फॉरवर्ड चेंडू घेऊन अंगावर येत असताना आमच्या बचावफळीतली स्टॉपर असं बोलायची. हात कमरेवर, मान तिरकी, जणू दारात उभी राहून आल्यागेल्याची चौकशी करते आहे. समोरची पोर क्षणभर गोंधळायची. उत्तर द्यावं की पळावं, हे ठरेपर्यंत चेंडू तिच्या पायातून गेलेला असायचा. आमची स्टॉपर तो मैदानाबाहेर भिरकावून मोकळी व्हायची, आणि बहुतेक वेळा तो शेंगदाणेवाल्याच्या टोपलीवरच जाऊन आदळायचा.

"अगं, माझ्याशी काय वैर हाय तुझं?" तो ओरडायचा.

"तुम्ही जागा बदला की! मी मारायची न्हाय बदलणार."

तिचं नाव मी लिहिणार नाही. एकदा नको तिथं घेतलं, तेवढं पुरे झालं.

नव्वदच्या दशकात कोल्हापूरच्या मैदानाच्या पायऱ्यांवर बसून ज्यांनी फुटबॉल पाहिला, त्यांना माझा चेहरा आठवणार नाही, आवाज आठवेल. सामन्यांचं समालोचन मी करायचो. साऱ्या पेठेचा मी मामा. आपल्याकडं माईकवरचा माणूस म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पायऱ्यांवरची माणसं स्वतःच्या डोळ्यांनी बघतात, मग एकमेकांना विचारतात, "मामा काय म्हणला?"

ती फुटबॉलमध्ये आली गोलपोस्ट म्हणून. चेष्टा नाही. आमच्या गल्लीतल्या पोरांना गोलाच्या एका बाजूला विजेचा खांब होता, दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. दगड ठेवला की कुणीतरी चूल मांडायला उचलून न्यायचं. तेव्हा शिरोलीच्या फौंड्रीतल्या कामगाराची ही बारकी पोरगी त्यांनी दगडाच्या जागी उभी केली. हलायचं नाही, एवढीच अट. काही दिवस ती हलली नाही. मग चेंडू आत जायला लागला की तिचा पाय हळूच बाहेर यायचा. पोरं भांडायला उठली, की म्हणायची, "खांबाला लागून बाहीर गेला. खांबाला काय करणार?" पुढं त्यांना कळलं की हा खांब आपल्या बाजूला असलेला बरा.

आमच्याकडं फुटबॉलचे संघ पेठेतल्या तालमींचेच. आमच्या तालमीनं मुलींचा संघ काढला तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची असेल. मुलांचा मोठा सामना सुरू व्हायच्या आधी मुलींचा सामना लावत, कारण गर्दी आधीच येऊन बसलेली असे. गोल मारणारीचं नाव मी घसा फोडून घ्यायचो. हिचं घ्यायला मला सुचायचंच नाही. ती असायची तिथं काही घडायचंच नाही, आणि न घडलेल्या गोष्टीचं समालोचन मला येत नव्हतं. सामना संपला की ती माईकच्या टेबलाखाली येऊन उभी राहायची.

"मामा, माझं नाव घशात अडकतंय व्हय?"

"एक गोल मार, मग बघ कसं घेतो."

"मी गोल माराय गेलो, तर हितं अडवाय तुम्ही येणार?"

आता तो दिवस सांगतो.

राज्याच्या मुलींच्या संघासाठी निवड समितीचे दोघेजण आले होते. माझ्या टेबलाशेजारीच त्यांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. राज्याकडून खेळल्याचं प्रमाणपत्र हाती आलं की खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरी मिळायची. तिच्या घरी बोलणं झालं होतं. निवड झाली तर खेळ, नाहीतर कबनूरला आत्याकडं जाऊन कापडाचे माग चालवायचे. तिनं स्वतःच मला हे सांगितलं होतं, आणि वर म्हणाली होती, "आज जरा नाव घ्या मामा. वशिला म्हणून न्हाय, खेळ म्हणून."

आमच्या गोलात माझी भाची होती, माझ्या बहिणीची मुलगी. मीच तिला संघात घालायला लावलं होतं. बहीण टेबलाखालच्या पहिल्या पायरीवर बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन बसली होती आणि दर पाच मिनिटांनी मान वर करून म्हणत होती, "दादा, भाचीचं नाव जोरात घे की!"

सामना संपत आला होता. समोरच्यांनी कॉर्नर मारला. भाचीनं उडी मारून चेंडू सुरेख पकडला. मी तिचं नाव घेतलं, पायऱ्यांनी टाळ्या दिल्या. टाळ्या ऐकून भाचीनं आईकडं बघितलं, हसली, आणि त्याच हसण्यात चेंडू लांब फेकण्यासाठी हात मागं नेला. चेंडू हातातून मागच्या मागं निसटला तो थेट जाळ्यात. आमच्या स्टॉपरनं झेप घेऊन तो पायानं बाहेर ओढला, पण रेषा ओलांडून तो केव्हाच गेला होता.

मी लख्ख पाहिलं. माझ्याइतकं चांगलं कुणालाच दिसलं नसेल. खाली बहीण डबा छातीशी धरून उभी राहिली होती. मी माईक तोंडाशी नेला आणि म्हणालो, "सेल्फ गोल! आपल्याच जाळ्यात!" आणि नाव घेतलं ते स्टॉपरचं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच इतक्या जोरात.

निवड समितीचे दोघे त्या वेळी चहाच्या कपात डोकं घालून होते. एकानं मान वर करून विचारलं, "तिचाच ना?" तेव्हा माईक बंद होता. एका शब्दात सगळं सुधारता आलं असतं. "तिचाच," मी म्हणालो.

वार्ताहर मिसळ खायला गेला होता. त्यानं परत आल्यावर मला विचारूनच बातमी लिहिली. परवा तालमीची स्मरणिका निघाली, त्यातही तेच पुन्हा छापलंय. म्हणून हा कागद पुढ्यात घेतला.

भाचीची निवड झाली. शिबिराला गेली आणि आठवड्यात परत आली, कारण तिकडच्या आमटीत गूळ घालतात. लाडवांचा उरलेला डबा बहिणीनं माझ्याच घरी आणून दिला. मी तो खाल्लाही.

आणि ती? दुसऱ्या दिवशी मी चहाच्या गाडीकडं जायला रस्ता ओलांडत होतो. तिनं मागून येऊन माझं कोपर धरलं आणि दुसरा हात वर करून रिक्षा थांबवल्या. "सरका, सरका! मामास्नी दिसत न्हाय आता!" पलीकडं नेऊन बाकावर बसवलं, कप हातात दिला. "हितं हाय बरं कपाचा कान. भाजंल." गाडीवाल्याला खरंच वाटलं. त्यानं दोन दिवस मला ओळखीचा डोळ्यांचा डॉक्टर सुचवला. ती जेव्हा जेव्हा पेठेत भेटली, तेव्हा तेव्हा असंच. सगळे हसायचे, मीही हसायचो. माझं कोपर मात्र तिच्या हातात गार पडायचं.

एकदा मी न राहवून विचारलं, "कुणाला सांगत का नाहीस?"

तिनं माझ्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं. "सांगून? फुडच्या सामन्याला गोलात तुमचीच भाची उभी ऱ्हाणार हाय. तिचं हात कापाय लागलं, तर माझ्याच अंगावर येतंय की सगळं."

ठरल्याप्रमाणं ती कबनूरला गेली. दिवसभर माग, रविवारी एसटीनं सरावाला. पायऱ्यांवरची पोरं "सेल्फ गोल आली रे!" म्हणून ओरडायची. ती त्यांना वाकून नमस्कार करायची. मागावर जाऊन खेळ सुधारला, असं तिचं म्हणणं होतं. "धोटा हिकडनं तिकडं पळतोय त्यो बघून बघून नजर अशी झालीया, की तुमची फॉरवर्ड म्हंजे बैलगाडी वाटती."

दोन-तीन वर्षांनी मुंबईला एका सरकारी खात्यानं मुलींचा संघ उभा केला आणि प्रमाणपत्र नसलेल्यांचीही चाचणी घेतली. फौंड्रीतून रजा काढून वडील तिला घेऊन गेले. तिथं आक्रमणातल्या मुलींना तिनं चहापाणी विचारून विचारून असं बेजार केलं, की त्यांनीच प्रशिक्षकाला सांगितलं, हिला आमच्या बाजूला घ्या. ती नोकरीला लागली. पगार खेळण्याचा. पुढं कितीतरी वर्षं खेळली. कोलकाता, गोवा, पार मणिपूरपर्यंत गेली. सुट्टीला आली तेव्हा मी विचारलं, "तिकडच्या पोरींना तुझी बोली काय कळते?"

"कळत न्हाय. म्हणून तर ऐकाय थांबत्यात."

नाकाचं हाड मोडलं होतं, गुडघ्यावर टाके होते. राज्याच्या संघात मात्र ती कधीच आली नाही. पहिली संधी हुकली, मग वय पुढं गेलं. हे ती बोलली नाही. मी मोजत होतो.

आता ती लांब कुठंतरी मुलींना शिकवते. कोल्हापूरला घर राहिलं नाही, येणं नाही. मी तिला शेवटचं पाहिलं ते तिच्या खात्याचा संघ इथं प्रदर्शनी सामना खेळायला आला तेव्हा. ती कर्णधार होती. मैदान भरलं होतं, माईक माझ्याच हातात होता. मी सकाळपासून चार वाक्यं पाठ करत होतो.

मध्यंतरानंतर खेळ जरा थंडावला, तेव्हा उभा राहिलो. "मंडळी," मी म्हणालो, "फार वर्षांपूर्वी याच मैदानावर मी एक सेल्फ गोल हिच्या नावावर लावला. तो हिचा नव्हता. मी पाहिलं होतं. मी खोटं बोललो."

मला वाटलं, आता चप्पल येणार. मग वरच्या पायरीवरून एक आवाज आला.

"आज कळलं व्हय मामा? आम्हाला तवाच दिसलं हुतं!"

आणि सगळ्या पायऱ्या खदाखदा हसल्या. म्हणजे सगळ्यांनी पाहिलं होतं. पाहूनसुद्धा माईकवर आलं तेच त्यांनी चालवलं होतं, इतकी वर्षं, गंमत म्हणून. फसले होते फक्त चहा पिणारे ते दोघे आणि मिसळ खाणारा वार्ताहर.

मी मैदानाकडं पाहिलं. एवढ्या हशात तिनं ऐकलं की नाही, कळेना. ती माझ्याच बाजूला तोंड करून उभी होती. तिनं एक हात वर केला. सरळ, उंच, ताठ. मीही हात वर केला.

तेवढ्यात शिट्टी वाजली. लाइनमनचा झेंडा वर होता. समोरची फॉरवर्ड ऑफसाइड सापडली होती, आणि आमच्या स्टॉपरचा हात ते ऑफसाइड पंचांना दाखवण्यासाठी होता. तिनं तो खाली घेतला, चेंडू टाचेनं नीट ठेवला आणि पार पलीकडच्या टोकाला धाडला. खेळ तिच्यामागून पुढं सरकला.

माझा हात अजून वरच होता.