बाहेर उघडणारं दार

फळ्या येऊन सात महिने झाले होते, आणि सीताचं शिलाई मशीन अजून पुढच्या खोलीतच होतं. पाहुणा आला की मशीन सरकवायचं, नातवाचा अभ्यास सुरू झाला की कापड आवरायचं, सुनेच्या मैत्रिणी आल्या की कातरी कुठं गेली ते शोधत बसायचं. साठीला टेकलेल्या या बाईला आयुष्यात स्वतःची म्हणून चार हात जागा कधी मिळाली नव्हती. हट्टा गावच्या भावानं, वसंतानं, जुना गोठा पाडला तेव्हा त्यातून सागाच्या चांगल्या फळ्या निघाल्या, आणि त्या त्यानं बहिणीला मध्य प्रदेशातल्या बालाघाटला पोचत्या केल्या. मागच्या परसात एक लाकडी खोली उभी करायची, तीत मशीन ठेवायचं, दार लोटून निवांत शिवत बसायचं. एवढंच तिचं मागणं होतं.

पण नवरा पडला धम्मपाल. तीस वर्षं त्यानं अग्निशमन दलात काढलेली. घरात उदबत्ती लावली तरी विझेपर्यंत हा माणूस तिच्याजवळ बसून राही.

आधी तो नगरपालिकेत परवानगी मागायला गेला. परसातल्या खोलीसाठी परवानगी मागणारं गावात दुसरं कुणी सीताच्या तरी ऐकिवात नव्हतं. खिडकीतला बाबूही चक्रावला.

"काका, बना लो ना. कौन देखने आता है?"

"नियम क्या है, वो बताओ," धम्मपाल म्हणाला.

बाबू चहाला निघून गेला. मग हे महाशय घरी आले आणि नातवाच्या वहीत स्वतःच नियम लिहायला बसले. सीतानं कपाळावर हात मारून घेतला.

त्या वहीपायी खोली दोनदा उभी राहिली आणि दोनदा उतरली. पहिल्यांदा ती शेजारच्या राकेशच्या कुंपणाला वीतभर जास्त जवळ गेली होती. "तिकडं पेटलं तं इकडं याले किती वेळ लागते?" म्हणत यानं सगळे खांब उपटले. दुसऱ्यांदा पाणी गळू नये म्हणून सीतानं छपराखाली प्लास्टिक अंथरलं होतं. ते पेटलं की अंगावर ठिबकतं, असं सांगून यानं छप्परच काढलं. तोवर जून उलटला आणि शाळेच्या गणवेशांचं काम दुसरीकडे गेलं. सुतारानं हात जोडले आणि यायचं बंद केलं. सीता आतल्या आत धुमसत राहिली.

तिसऱ्यांदा दुसरा सुतार लावून खोली पुरी झाली. सीता मशीन पुसायला घेणार, तोच परसातून खटखट ऐकू आली. जाऊन पाहते तर धम्मपाल पेचकस घेऊन दाराच्या बिजागऱ्या काढत बसलेला.

"आता काय झालं?"

"दार आत उघडते."

सीताचा तोल सुटला. "तुमाले हे खोली होऊच द्याची नाही, हौ ना? तसं सरळ सांगा न! काहून छळून राह्यले मले?"

धम्मपालनं पेचकस खाली ठेवला.

"लालबर्रा रोडवर एक दुकान पेटलं होतं," तो म्हणाला. "लाकडाचंच. आत बाई होती, शिवणारी. दार आत उघडे, अन् मागं कपड्याचे गठ्ठे पडले. तिले उघडताच नाही आलं. आमी कुऱ्हाडीनं तोडलं, पण उशीर झालता." त्यानं गुडघ्यावर हात ठेवला. "तवा माहे गुडघे चांगले होते, सीता. आता मी तुह्यापाशी पोचीन का? मले भेव लागते."

छत्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस भीती वाटते असं कधी बोलला नव्हता. सीताला गलबलून आलं, आणि त्याच दमात नवा रागही आला.

"अन् हे सात महिन्याआधी सांगता नाही आलं तुमाले?"

धम्मपालनं पेचकस पुन्हा उचलला. तिनंच एका बाजूनं दार उचलून धरलं, आणि दोघांनी मिळून ते बाहेर उघडेल असं बसवलं. मग ती म्हणाली, "जा, पुढच्या फाटकापाशी उभे राहा. मी ओरडल्याबिगर हालू नका, ओरडली का धावा."

ती आत गेली. दार ओढून घेतलं, आणि जीव खाऊन ओरडली, "आग! आग लागली वो!"

राकेश कुंपणावरून डोकावला. धम्मपाल पाय ओढत धावत सुटला. तो अर्ध्या वाटेवर, नळापाशी, पोचतो न पोचतो तोच दार धाडकन उघडलं आणि सीता त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"पाह्यलं? तुमी इथंच हाय, अन् मी आपल्या पायानं आली."

धम्मपाल नळाला धरून धापा टाकत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. श्वास थोडा बसल्यावर त्यानं तोंड पुसलं.

"सीता," तो म्हणाला, "आणखी एक डाव करून दाखव."

तिनं त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, राकेशला आत जायला सांगितलं, आणि पदर खोचून पुन्हा खोलीत शिरली.